आईच्या आकड्यांचा हा कागद कुठे जमा करू? महाराष्ट्राच्या खासदारांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून निवडून गेलेले लोकसभेचे ४८ आणि राज्यसभेचे १९ सन्माननीय सदस्य

विषय : बेपत्ता माणसं आणि बेवारस मृतदेह यांच्यासाठी स्वतंत्र डीएनए नोंदपेढी

सविनय नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यात पिको-फॉलचं दुकान चालवते. रस्त्याकडेची एक खोली, दोन मशिनी, भिंतीला रिळांचा स्टँड. मशिनीच्या खणात फॉलच्या गठ्ठ्याखाली एक प्लॅस्टिकचं फोल्डर आहे आणि त्यात प्रयोगशाळेचा एक अहवाल. अहवालाच्या दुसऱ्या पानावर तक्ता आहे. त्यातल्या वीस ओळींत प्रत्येकी दोन आकडे आहेत. हे माझ्या आईचे आकडे. शेजारच्या रकान्यात एका अनोळखी मृतदेहाचे आकडे आहेत, पण ते फक्त पाच ओळींत. उरलेल्या पंधरा ओळींत नुसत्या रेघा.

आई २०२४ च्या श्रावणात गेली. त्या पंधरा रेघा भरल्या असत्या तर आपला मुलगा जिवंत आहे की पुरला गेलाय, हे तिला जाण्यापूर्वी कळलं असतं. पत्राचं कारण हे. पण मागणी एकट्या माझ्यासाठी नाही, म्हणून पत्र पाकिटात न घालता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझा थोरला भाऊ जानेवारी २०२० मध्ये औषधोपचारासाठी घरातून निघाला आणि परत आला नाही. त्याचं डोकं अधूनमधून बिघडायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही मिसिंग दाखल केली. मार्चमध्ये सगळंच बंद पडलं. नोव्हेंबरमध्ये एका पोलिसांच्या ग्रुपवरचा फोटो ओळखीतल्या माणसाने दाखवला. शेजारच्या जिल्ह्यात, रेल्वे रुळालगतच्या नाल्यात जूनमध्ये एक मृतदेह सापडला होता. चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला. अंगावर अर्ध्या बाह्यांचा चॉकलेटी स्वेटर. तसा स्वेटर दादाकडे होता. तसे स्वेटर आमच्या तालुक्याच्या बाजारात ढिगाने मिळतात, हेही खरंच.

आम्ही पोचलो तोवर दफन होऊन पाच महिने झाले होते. कोणतं ठाणं, कोणतं रुग्णालय, कोणती प्रयोगशाळा ही नावं मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांपैकी बहुतेकांनी हातात होतं तेवढं केलं. एका हवालदारांनी तर आईला स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली. बोट दाखवायचं आहे ते त्या माणसांच्या मागे जी व्यवस्था असायला हवी होती आणि नाही, तिच्याकडे. ती उभी करणं आपल्या हातात आहे.

तक्रारी सांगण्याआधी तो तक्ता वाचायचा कसा ते सांगते. मी बारावी सायन्स आहे, पुढे शिकले नाही. प्रयोगशाळेतल्या एका मॅडमनी फोनवर अर्धा तास खर्च करून समजावलं, बाकी वाचून जमवलं.

आपल्या पेशीतला डीएनए म्हणजे सुमारे तीन अब्ज अक्षरांची ओळ. तिचा जवळपास सगळा भाग माणसामाणसांत सारखा असतो. ओळख पटवायला ती अख्खी ओळ कुणी वाचत नाही. ठरलेल्या काही जागा पाहतात. त्या जागी चार-पाच अक्षरांचा एक तुकडा लागोपाठ पुन्हा पुन्हा आलेला असतो. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर साडीच्या काठावर एकच कोयरी ओळीने छापलेली असते तसा. साडी तीच, काठ तोच, पण कुणाच्या काठात त्या जागी सहा कोयऱ्या, कुणाच्या नऊ. या जागांना एसटीआर मार्कर म्हणतात. प्रत्येक जागी माणसाला दोन काठ असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. म्हणून प्रत्येक ओळीत दोन आकडे.

आईच्या तक्त्यात टीएच०१ नावाच्या ओळीत ६ आणि ९.३ असे आकडे आहेत. ही जागा अकराव्या गुणसूत्रावर आहे. ९.३ पाहून मला छपाईची चूक वाटली होती. चूक नव्हती. नऊ पूर्ण कोयऱ्या आणि एक अपुरी, जिच्या चार अक्षरांतली तीनच आली आहेत. खाली डी३एस१३५८ असं लांबलचक नाव आहे. त्यातला ३ म्हणजे तिसरं गुणसूत्र. नावं कळली की तक्त्याची भीती जाते.

आता यातलं गणित. मुलाला प्रत्येक ओळीत आईच्या दोन आकड्यांपैकी एक मिळालेला असायलाच हवा. पण आकडे काही आईच्या एकटीच्या मालकीचे नसतात, परक्या माणसाचाही एखाद्या ओळीत मेळ बसतो. समजा प्रत्येक ओळीत निम्म्या परक्यांचा मेळ बसतो असं धरलं, तर पाच ओळींत बत्तीसातला एक परका माणूस माझ्या आईचा मुलगा ठरू शकेल. वीस ओळींत मात्र तो दहा लाखांतला एक होतो. पाच आणि वीस यांच्यातला फरक एवढा आहे. आमच्या अहवालात पाचही ओळी आईशी जुळतात. खाली शेरा आहे की उपलब्ध माहितीवरून निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. शेरा बरोबर आहे. त्या मॅडमनी प्रामाणिकपणे लिहिलं म्हणून मी त्यांची आभारी आहे.

मग पंधरा रेघा का आल्या? ही माझी पहिली तक्रार, आणि मला सगळ्यात जास्त जाळणारी. शवविच्छेदनाच्या वेळी मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून फॉर्मलिनच्या बाटलीत ठेवला होता. फॉर्मलिनमध्ये मांस टिकतं, पण त्यातला डीएनए तुटतो. तुटला की लांब तुकडे आधी जातात, आखूड तेवढे राहतात. म्हणून पाच आल्या. कुजलेल्या देहाचीसुद्धा एक दाढ किंवा मांडीच्या हाडाचा छोटा तुकडा कोरडा, थंड जागी ठेवला असता तर वीसच्या वीस ओळी मिळण्याची चांगली शक्यता होती. दाढेला ना महागडं यंत्र लागतं, ना वेगळी खोली. एक पाकीट, एक लेबल आणि ‘बेवारस देहाची दाढ राखून ठेवावी’ असा सक्तीचा नियम लागतो. त्या डॉक्टरांनी हातात होतं त्या बाटलीत तुकडा टाकला. त्यांना दुसरं काही करायला कुणी बांधलेलं नव्हतं.

अहवाल आल्यावर आम्ही हाड मिळवण्यासाठी दफन उकरायची परवानगी मागितली. दफनभूमीच्या वहीत तारीख होती, जागेचा क्रमांक नव्हता. मधे दोन पावसाळे गेले होते, त्याच पट्ट्यात आणखी दफनं झाली होती. रखवालदाराने हाताने एक मोठा अर्धगोल दाखवला आणि म्हणाला, “या अंगाला कुठंतरी.” आई त्या अर्धगोलाकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “चल, गाडी चुकंल.”

वेळेबद्दल एवढंच लिहिते की आईचं रक्त डिसेंबर २०२० मध्ये जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलं आणि अहवाल जुलै २०२२ मध्ये हातात पडला. एकोणीस महिने. देशात हे काम वेगाने होऊच शकत नाही असं कुणी म्हणत असेल तर त्यांना अहमदाबादची आठवण द्यावी. १२ जून २०२५ ला एअर इंडियाचं विमान पडलं, २६० माणसं गेली. त्यांतल्या २५४ जणांची ओळख डीएनएवरून पटली आणि शेवटची ओळख जून सरायच्या आत झाली. जळालेल्या देहांची. त्या प्रयोगशाळांना माझा मनापासून नमस्कार आहे. पण तिथे जे जमलं ते इथे का जमत नाही, याचं उत्तर विज्ञानात शोधून मिळणार नाही. तिथे सगळ्या देशाचं लक्ष होतं. नाल्यातल्या स्वेटरवाल्याकडे कुणाचं असणार?

आणि आता खरी तक्रार, जिच्यासाठी आपणा सर्वांना पत्र लिहावं लागलं. आईचं रक्त एका मृतदेहाशी जुळवून पाहिलं. फक्त एका. त्या जून महिन्यात, त्या वर्षात, त्यानंतरच्या वर्षांत महाराष्ट्रात, कर्नाटकात, तेलंगणात रुळांवर, नदीकाठी, बसस्थानकांवर जे बेवारस देह मिळाले, त्यांतल्या एकाशीही आईचे आकडे कुणी ताडून पाहिले नाहीत. पाहणार कसे? आपल्याकडे एका संशयित देहाला एक नातेवाईक लावून तपासतात आणि केस बंद होते. मी विचारलं, “हे आकडे कॉम्प्युटरमध्ये कुठे ठेवलेत का, पुढे एखादा देह आला तर?” उत्तर आलं, “तशी सोय नाही, ताई. दुसऱ्या ठाण्याकडून बोलावणं आलं तर पुन्हा रक्त द्या.”

पुन्हा कुणाचं? आई आता नाही. वडील त्याआधीच गेले. उरले मी. सदस्यहो, बहीण आणि आई यांत किती फरक पडतो ते पाहा. आईशी प्रत्येक ओळीत निदान एक आकडा जुळायलाच हवा, जुळला नाही की शंका स्पष्ट होते. सख्ख्या भावंडांचं तसं नाही. आईच्या दोन काठांतला मला एक आला, दादाला कदाचित दुसरा. वडिलांचंही तेच. म्हणून सरासरीने पाहिलं तर चारातल्या एका ओळीत सख्ख्या भावंडांना आईबापांकडून एकही काठ सारखा आलेला नसतो आणि तरी ती सख्खी असतात. वडिलांच्या बाजूने चुलते आहेत, त्यांच्याकडून वाय गुणसूत्राचे मार्कर मिळतील. पण वाय म्हणजे आडनावासारखं, सगळ्या भावकीचं एकच निघायचं. आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए माझ्यात आणि दादात एकच आहे, तोही मावशी, मामा आणि मावसभावंडं सगळ्यांत तोच. या साऱ्याचा एकत्रित उपयोग होतो, पण ज्याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवावी असा पुरावा आई-बापांचा. आणि बेपत्ता माणसांचे आईबाप रोज मरताहेत. दर वर्षाच्या दिरंगाईत देशभरात किती उत्तरं कायमची जात असतील, त्याचा हिशोब कुठल्याच वहीत नाही.

हे मी पहिल्यांदा म्हणत नाही. अर्जेंटिनात लष्करी राजवटीत पळवलेल्या लेकरांच्या आज्यांनी हेच ओळखलं होतं. नातवंडं सापडतील तेव्हा आपण जिवंत नसू, म्हणून आपलं रक्त आत्ताच सरकारी पेढीत राहिलं पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला आणि १९८७ मध्ये त्यासाठी कायदा झाला. त्या पेढीच्या आधाराने आणि शोधकार्याने आजवर १३० हून अधिक नातवंडांची ओळख लागली. १९८७! आपल्याकडेही डॉ. लालजी सिंह हैदराबादला डीएनए फिंगरप्रिंटिंगचं स्वतःचं तंत्र ऐंशीच्या दशकातच उभं करत होते. तंत्राच्या बाबतीत आपण फार मागे नव्हतो.

मागे राहिलो ते सभागृहात. डीएनए कायद्याचे मसुदे २००७ पासून निघताहेत. बेवारस देहांच्या डीएनएची याचिका सर्वोच्च न्यायालयात २०१२ पासून होती. २०१८ मध्ये सरकारने कायदा आणतो असं सांगितलं आणि ती निकाली निघाली. जानेवारी २०१९ मध्ये लोकसभेने विधेयक मंजूर केलं, ते मुदतीत राज्यसभेत झालं नाही आणि बाद ठरलं. जुलै २०१९ मध्ये पुन्हा मांडलं. स्थायी समितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला. त्या विधेयकात बेपत्ता व्यक्तींची सूची आणि अनोळखी मृतांची सूची, अशा दोन स्वतंत्र सूची होत्या. माझ्या आईला नेमक्या हव्या होत्या त्या. २४ जुलै २०२३ ला विधेयक मागे घेण्यात आलं. आपल्यापैकी कितीजण त्या दिवशी सभागृहात होते मला माहीत नाही. आमच्या घरी त्या दिवशी आईचा गुडघा फार दुखत होता, एवढं आठवतं.

२०२२ चा ओळख-कायदा आहे की, असं मला एकाने ऐकवलं. तो मी वाचला. तो अटक झालेल्यांसाठी आणि शिक्षा झालेल्यांसाठी आहे. त्यांच्या नोंदी ७५ वर्षं ठेवायची सोय त्यात आहे. बेपत्ता मुलाच्या आईचं त्यात काहीच नाही. चोरीच्या आरोपाखाली धरली असती तर बिचारीची नोंद तरी टिकली असती, असं मनात येतं. ते मनात आल्याची लाज वाटते.

विधेयकाला विरोध करणाऱ्यांची बाजू मी हसण्यावारी नेत नाही. रक्तावरून जात-जमातीचे आडाखे बांधले जातील, घरच्यांनी दिलेला नमुना उद्या एखाद्या गुन्ह्यात घरच्याच माणसाविरुद्ध वापरला जाईल, ही भीती खोटी नाही. हे वीस मार्कर स्वतःहून रोग किंवा स्वभाव फारसे सांगत नाहीत, पण ज्या रक्तातून ते काढले त्या रक्तात सगळंच असतं. न्यायालयांचा अनुभवही सावध करणारा आहे. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा रद्द करून आरोपीला सोडलं. नमुने प्रयोगशाळेत पाठवायला झालेला विलंब हे त्यातलं एक कारण होतं. पुढे जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने डीएनएचे नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचावेत आणि ते कुणाच्या हातून कुणाकडे गेले याची नोंद राहावी, असे निर्देश दिले. मार्कर खोटं बोलत नाही असं म्हणतात. बाटलीवरचं लेबल बोलू शकतं.

म्हणून माझं मागणं मोठ्या, सगळं पोटात घेणाऱ्या कायद्याचं नाही. गुन्हेगारांच्या सूचीवर आपला वाद अजून दहा वर्षं चालो. बेपत्ता माणसं आणि अनोळखी मृत, एवढ्यापुरतं वेगळं, छोटं विधेयक आणा. सरकार आणत नसेल तर आपल्यापैकी मंत्री नसलेलं कुणीही खासगी विधेयक मांडू शकतं. त्यात निदान पुढच्या गोष्टी हव्यात.

बेवारस देह पुरण्यापूर्वी दाढ किंवा हाडाचा तुकडा, फॉर्मलिनशिवाय, राखणं सक्तीचं असावं. दफनाच्या जागेला क्रमांक आणि तो क्रमांक अकस्मात मृत्यूच्या नोंदीत. नमुना प्रयोगशाळेकडे रवाना करायची मुदत गुन्ह्याच्या नमुन्याइतकीच असावी.

मिसिंग दाखल होऊन ठरावीक दिवसांत माणूस सापडला नाही, की राहत्या तालुक्यातच आईवडिलांचा नमुना एकदाच घ्यावा. आधी आईवडील, मग मुलं, मग भावंडं. लेखी संमतीने, आणि क्रमांक असलेली पावती देऊन. गॅस सिलिंडर भरून घेतला तरी पावती मिळते.

आकडे देशपातळीवरच्या एका सूचीत राहावेत आणि येणाऱ्या प्रत्येक अनोळखी देहाशी आपोआप ताडले जावेत. दर वर्षी किती देहांचे प्रोफाइल झाले, किती जुळले, किती प्रलंबित आहेत, ते आकडे जाहीर व्हावेत.

आणि कुंपण पक्कं असावं. घरच्यांचे नमुने गुन्ह्याच्या जागेवरच्या नमुन्यांशी कधीही जुळवले जाणार नाहीत, माणूस सापडला किंवा घरच्यांनी लेखी मागितलं तर नोंद पुसली जाईल, आकडे घेतल्यावर उरलेलं रक्त नष्ट होईल. अमेरिकेच्या राष्ट्रीय सूचीत बेपत्तांच्या नातेवाइकांचे नमुने फक्त बेपत्ता आणि अनोळखी देहांशीच ताडतात. म्हणजे हे कुंपण घालता येतं.

विधेयक होईपर्यंत एक काम तर कुठल्याही अधिवेशनात होईल. एक तारांकित प्रश्न विचारा : देशात गेल्या पाच वर्षांत सापडलेल्या अनोळखी मृतदेहांपैकी किती जणांचा डीएनए राखला आहे? राज्यवार. उत्तर काय येईल ते मी सांगत नाही, पण ते सभागृहाच्या पटलावर यायला हवं.

आमच्या घरी दर पितृपक्षात एकच चर्चा होते. वडिलांचं पान वाढतो, आता आईचंही वाढतो. दादाचं वाढायचं का? चुलते म्हणतात, जिवंत माणसाचं पान ठेवणं अशुभ. मावशी म्हणते, मेला असेल तर उपाशी आहे. सातबाऱ्यावर त्याचं नाव तसंच आहे. जानेवारी २०२७ मध्ये सात वर्षं होतील, मग कोर्टाकडून त्याला मृत मानून घेता येईल असं वकील सांगतात. मानून घेता येईल हो. पण माझ्या फोल्डरातल्या पाच ओळी अजून दोन्हीकडे बोट दाखवताहेत.

आईचा कागद मी जपून ठेवला आहे, वीसच्या वीस ओळी स्वच्छ वाचता येतात. माझं रक्तही द्यायला तयार आहे. कोणत्या खिडकीवर, कोणत्या नावाने जमा करायचं, तेवढं कळवावं.

आपली नम्र,
सांगली जिल्ह्यातली एक मतदार